तीस वर्षांची सोबत

"हे किती वर्षं चालेल?" कोणतीही वस्तू हातात घेतली की ताई आधी हे विचारायच्या. ओक ट्री रोडवर मिक्सर घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार वॅटेज सांगत राहिला आणि ताई भांड्याच्या कडेवरून बोट फिरवत तोच प्रश्न परत परत विचारत राहिल्या.

ताई नागपूरच्या. इथे अमेरिकेत, एडिसनला आमच्याच ऑफिसात टेस्टिंगचं काम करायच्या. तिशीतच त्यांची दृष्टी गेली. पुढची अठरा वर्षं दोन कुत्र्यांनी त्यांना स्टेशन, ऑफिस, देऊळ असं सगळीकडे नेलं. दुसरा गेला तेव्हा मी भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "नवा कुत्रा मिळतो रे. पण दर नऊ-दहा वर्षांनी एक पुरायचा. मला आता नाही जमणार."

मग कोणीतरी त्यांना ठेंगण्या घोड्यांबद्दल सांगितलं. आंधळ्या माणसाला वाट दाखवणारा घोडा. तुम्ही हसाल, मीही हसलो होतो. ताई हसल्या नाहीत.

"घोडा तीस वर्षं जगतो. म्हणजे या वेळी आधी मी जाईन."

पेनसिल्व्हेनियात एक बाई असे घोडे तयार करायची. मी ड्राइव्ह करून ताईंना घेऊन गेलो. घोडा माझ्या कमरेलाही पोचत नव्हता, आणि गुळगुळीत फरशीवर घसरू नये म्हणून त्याच्या चारही पायांत रबरी बूट. पण फुटपाथची कड आली की तो थांबायचा, आणि ताईंनी पाय पुढे टाकलाच तर आडवा उभा राहायचा. निघताना बाईने स्पष्ट सांगितलं, "काम तो नीट करेल. पण हा कळपातला प्राणी आहे. एकटा ठेवणं कठीण." ताईंनी मान डोलावली. मला वाटतं, त्यांना ते ऐकायचंच नव्हतं.

त्यांनी टाउनहाउस सोडलं, मागे गवत असलेलं छोटं घर भाड्याने घेतलं, आणि वर्षभर वाट पाहिल्यावर गुंड्या आला. घोड्याला हे नाव त्यांनीच दिलं. ट्रेनमध्ये कंडक्टरने विचारलं, "हा कुत्रा आहे का?" ताई म्हणाल्या, "दिसतं तुम्हाला. तुम्हीच सांगा." सगळा डबा हसला. त्या महिन्यांत ताई इतक्या भरभर चालायच्या की मला मागे पळावं लागायचं.

एका रविवारी पोहे खायला गेलो, तर ताई मागच्या दारात उभ्या होत्या. कुंपणाजवळ गुंड्या खिंकाळत होता.

"ऐकतोयस? सकाळपासून बोलावून राहिला. बोलावतो, थांबतो, ऐकतो. परत बोलावतो."

"दुसरा एक आणू या ना, ताई."

"विचारलं मी. गावाचा नियम आहे. कामाचा म्हणून हा चालतो, नुसता सोबतीचा नाही चालत."

कामात त्याची कधी चूक झाली नाही. फक्त खाणं कमी झालं. एक दिवस ताई म्हणाल्या, "बरगड्या हाताला लागतात त्याच्या. तीस वर्षं मला पाहिजे होती. काढायची मात्र त्याला."

आम्ही त्याला त्या बाईच्या शेतावर परत नेऊन सोडलं. तिथल्या घोड्यांनी लांबूनच त्याला उत्तर दिलं आणि तो पळाला. ताई हातात रिकामा पट्टा धरून बराच वेळ ऐकत होत्या. "त्याचा आवाज आता वेगळा ओळखू येत नाही," एवढंच म्हणाल्या.

तिसरा कुत्रा त्यांनी घेतला नाही. काठीवर आल्या. हिवाळ्यात बर्फाखाली फुटपाथची कड काठीला लागली नाही, पडल्या, मनगट मोडलं. त्यानंतर घरूनच काम. मग ऑफिसने माणसं कमी केली, त्यात त्यांचं नाव होतं. नागपूरच्या भावाने ये म्हटलं.

विमानतळावर मदतीचा माणूस व्हीलचेअर घेऊन आला.

"मला चालता येतं," ताई त्याला म्हणाल्या. "फक्त तुमचं कोपर धरू द्या."

"असं सोपं पडतं, मॅम."

मागे रांग वाढत होती. मीही म्हणालो, "बसा ना, ताई."

त्या माझ्या दिशेने वळल्या. मग बसल्या, काठीची घडी करून मांडीवर ठेवली. खुर्ची निघाली. पुढे वळण होतं, ते त्यांना कोणी सांगितलं नाही. त्या एका बाजूला कलल्या, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, आणि भिंतीआड गेल्या.