दोन कोट हिरवा रंग

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी लखनौ कँटॉन्मेंटच्या वर्कशॉपमध्ये हवालदार मेकॅनिक होतो. मेसकडे वीसच्या दशकातली एक मोटार होती आणि पुढच्या वर्षीच्या परेडला ती सगळ्यात पुढे चालवायची, असा हुकूम सुटला. पण मे महिन्यात तिचं तेल तापून पाण्यासारखं पातळ व्हायचं. तेव्हा तेल नळ्यांतून फिरवून वाऱ्यावर गार करणारा कूलर बसवायचं ठरलं.

डिझाइन दोन आली. माझं म्हणजे तांब्याच्या जाड नळीचं वेटोळं. दुसरं नाईक ढवळेचं. हा साताऱ्याकडचा गडी. अमीनाबाद बाजारातल्या भांडीवाल्याकडून पितळी पत्रा आणून त्यानं नळ्यांवर कागदासारखे पातळ पंख बसवले होते. त्याचं डिझाइन जिंकलं तर वर्कशॉपचे मेजरसाहेब त्याला इन्स्ट्रक्टर कोर्सला पाठवणार होते. इन्स्ट्रक्टरला फॅमिली क्वार्टर मिळायचं, आणि बायको-पोरीला लखनौला आणायची त्याला घाई झाली होती.

टेस्ट सोपी. सकाळी ११०० वाजता गेट सोडायचं, शहराबाहेर चिनहटला जाऊन यायचं, तेलाचं टेंपरेचर लिहायचं. पहिल्या दिवशी माझा कूलर. १०४ डिग्री.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्शन होतं. इन्स्पेक्शन म्हटलं की आमच्याकडे बादलीलासुद्धा रंग लागतो. "दिसेल ते रंगवा रे!" म्हणून मी आदल्या दिवशी ओरडत सुटलो होतो. ढवळे तेव्हा गार्ड ड्यूटीवर होता, तो सुटला थेट टेस्टच्या वेळी.

इन्स्पेक्शन उरकलं आणि ११०० ला, आता ढवळेचा कूलर लावून, निघालो. मी स्टिअरिंगवर, ढवळे मीटरवर. चिनहटच्या अलीकडे तो म्हणाला, "साहेब, ११८. तेलाचं प्रेशर पडतंय."

"टेस्ट पुरी होऊ दे."

"अहो, इंजिन जाईल! थांबवा!"

मी थांबवलं, पण उशिरा. आतून ठकठक आली आणि बेअरिंग गेलं. गाडी ओढून आणली.

वर्कशॉपमध्ये कूलर उतरवला तर पंखांमधल्या फटी रंगानं लिंपलेल्या. दोन कोट. वारा जाणार कुठून?

ढवळे शांतपणे म्हणाला, "रंगाचा हुकूम तुमचा होता. तेवढं रिपोर्टात लिहा, बास."

"लिहितो," मी म्हणालो.

मेजरसाहेबांनी विचारलं, "किसका डिज़ाइन फेल हुआ?"

"नाईक ढवळे का, सर."

एवढंच बोललो, रिपोर्टातही रंगाचं लिहिलं नाही. इंजिन माझ्या माथी येईल म्हणून घाबरलो, आणि खरं सांगायचं तर माझं वेटोळं जिंकलं याचं मला बरंही वाटलं. लाज वाटते हे सांगताना. कोर्स गेला. ढवळेची बदली पहाडात, गाड्यांच्या कॉन्व्हॉयवर झाली. निघताना म्हणाला, "रंग खरवडून एकदा पळवून बघा, साहेब."

मी बघितलं नाही. रोज कोपऱ्यात पडलेल्या त्याच्या कूलरसमोरून जायचो आणि मान फिरवायचो. मग हिवाळ्यात बातमी आली. दरड कोसळली, मागच्या गाडीतल्या जवानांना बाहेर काढताना नाईक ढवळे गेला.

पुढच्या मे महिन्यात मी रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन पंख मोकळे केले आणि दुरुस्त झालेल्या गाडीला तो कूलर चढवला. तोच रस्ता, तीच वेळ. ९१ डिग्री. चिनहटला गाडी बाजूला घेतली आणि ढसाढसा रडलो.

रंगाच्या हुकमासकट सगळं लिहून, खाली सही करून कागद मेजरसाहेबांकडे दिला. त्यांनी वाचला. "अब बता रहे हो?"

"तब डर गया था, सर."

मला सजा झाली. रिपोर्टाची एक नक्कल ढवळेच्या घरी गेली. परेडला त्याचाच कूलर लागला. आदल्या दिवशी इन्स्पेक्शनचे साहेब गाडीपाशी थांबले. "हवालदार, इस पर पेंट क्यों नहीं?"

मी सावधान झालो. "नाईक ढवळे का ऑर्डर है, सर."