दर रविवारी घर बघायला

कारखान्यात त्याला सगळे लांबू म्हणत. काम सुताराचं, उंची ताडमाड. फर्निचरच्या कारखान्यात अशा माणसाची कंबर सगळ्यात आधी कामातून जाते, पण ते राहू द्या. इथे त्याच्या कंबरेचं कोणाला पडलंय? सांगायचंय ते त्याच्या बायकोचं.

लग्न होऊन ती शहरात यायला निघाली तेव्हा इतकी बोलकी होती, की सासूने निरोप देताना तिला हात जोडले. म्हणाली, "बाई गं, तिकडे तरी घटकाभर गप्प बस." सासूचं म्हणणं असं खरं व्हायला नको होतं.

लांबूची खोली म्हणजे खरं तर अर्धी खोली. मधोमध प्लायचं पार्टिशन, पलीकडे कारखान्यातलाच पॉलिशवाला आणि त्याची म्हातारी आई. पार्टिशन लांबूनेच ठोकलं होतं, चांगलं मजबूत. पण प्लायमधून सगळं ऐकू जातं, एवढं तरी सुताराला आधी कळायला नको? इकडे कोणी कूस बदलली, की तिकडून म्हातारी विचारायची, "झोप येत नाही का गं पोरी?" म्हातारीच्या मनात काही नसायचं हो, माया होती. पण बायको कुजबुजायला लागली. मग खुणांवर आली. मग खुणाही बंद. वर्ष सरायच्या आत तिचं सगळं बोलणं "हं" आणि "नको" यावर येऊन ठेपलं. आणि एके दिवशी भाजी निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "मी माहेरी जाऊन येते म्हणते."

"किती दिवस?"

ती भाजी निवडत राहिली. ही गेली तर परत यायची नाही, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता.

तिला रविवारी कुठेतरी न्यायला हवं होतं. पण नेणार कुठे? सिनेमा परवडायचा नाही, आणि परवडला तरी तिथे बोलायचं नसतं, मग उपयोग काय? बागेत गेले, तर बाकावर टेकतायत तोच रखवालदाराने शिट्टी फुंकली. बाग बंद व्हायची वेळ झाली होती. मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी ती थिजली, मागे माणसं खोळंबली, कोणीतरी खेकसलं, आणि दोघं आल्या पावली परत. एवढं मोठं शहर, पण खिशात काही नसलेल्या दोन माणसांना धड बसायला जागा मिळेना.

वाट दाखवली पॉलिशवाल्याने. म्हणाला, "अरे, घर बघायला जा की! नवीन बिल्डिंगचा सॅम्पल फ्लॅट असतो ना, सजवून ठेवलेला. स्टेशनपासून त्यांचीच गाडी नेते. एसी, सरबत, सगळं फुकट. बजेट विचारलं तर म्हणायचं, बघू."

मग लांबूने लग्नातला शर्ट पेटीतून काढून घातला. बायको कुरकुरत तयार झाली. बिल्डिंगपाशी सेल्सवाली मुलगी पुढे आली, "या सर, या मॅडम." लांबूला कोणी सर म्हटलेलं ऐकून बायकोने तोंडाला रुमाल लावला. लिफ्टने चौदाव्या मजल्यावर नेऊन मुलगी म्हणाली, "आरामात बघा," आणि फोनवर बोलत बाहेर गेली.

बायको हॉलच्या मधोमध उभी राहिली. तिने भिंतीवर टिचकी मारून पाहिली. भिंत पक्की विटांची होती. मग ती एकदम मोठ्याने म्हणाली, "अहो!"

"काय गं?"

"काही नाही. ओरडून बघितलं."

आणि मग जी सुटली! भिंतीचा रंग कसा उदास, ओटा कसा चुकीच्या बाजूला, पार्टिशनपलीकडची म्हातारी कशी रोज एकच गोष्ट सांगते, लांबू कसा घोरतो, सगळं त्या अर्ध्या तासात. लांबू सोफ्याच्या कडेला बसून ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने एसीला नावं ठेवली.

तेव्हापासून दर रविवारी ही दोघं घर बघायला. आठवडाभर ती बोलणं साठवायची आणि तिथे जाऊन मोकळी व्हायची. भांडणंसुद्धा तिथेच. "सासूबाईंना ही खोली द्यायची. दार घट्ट लागतंय, बरंय," असं म्हणून ती खिदळायची, आणि लांबू खोटंखोटं रागवायचा. माहेरचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. लांबूला वाटलं, जिंकलो.

मग एका रविवारी नदीकाठच्या नव्या बिल्डिंगमध्ये गेले. बायको आत बेडरूममध्ये पलंगावर बसली होती. आज ती बडबडत नव्हती, जपून एकेक शब्द बोलत होती. "अहो, इथे पाळणा बसेल. खिडकीजवळ, पण वारा थेट नको यायला." बाळाचा विषय तिने आजवर कधी काढला नव्हता. त्या प्लायच्या आडोशाला कुठल्या तोंडाने काढणार?

आणि या शहाण्याचं लक्ष कुठे, तर पलंगाच्या सांध्यावर! "अगं, हा तर माझ्या हातचा!" तो ओरडला. "ऊठ, ऊठ, गंमत दाखवतो."

सॅम्पल फ्लॅटसाठी कारखान्यात मुद्दाम कमी मापाचं फर्निचर करतात. पलंग आखूड, कपाट उथळ, म्हणजे खोली मोठी दिसते. सुतार त्याला बुटकं काम म्हणतात. लांबूने अशी कितीतरी कामं केली होती. तो पलंगावर आडवा झाला, पोटऱ्यांपासून पाय बाहेर. कपाट उघडून म्हणाला, "बघ, हँगरसुद्धा आडवा मावत नाही!" खण ओढायला गेला, तर नुसतीच दर्शनी फळी. "सगळं बुटकं काम! खरा पलंग आणला ना, तर पाळणा कसला, चपला ठेवायला जागा उरणार नाही!" आणि स्वतःच्या कसबावर खूश होऊन तो पोट धरून हसला. त्याला वाटलं, तीही हसेल.

बायकोने चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. सेल्सवालीने विचारलं, "कसं वाटलं मॅडम?" तर "छान आहे" इतकं पुटपुटली.

परतताना गाडीत लांबूची चुळबुळ सुरू झाली. "अगं, झालं काय? आपण कुठे खरंच घेणार होतो?"

"मला माहीत नव्हतं?" ती कुजबुजली. "मी काय दूधखुळी आहे? पण तिथे घटकाभर विसरायला व्हायचं मला. तुम्ही मापं काढलीत."

आता काय म्हणावं या माणसाला! पुढच्या रविवारी तो शर्ट घालून दारात उभा राहिला, ती जागची हलली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग तिचा भाऊ न्यायला आला, तेव्हा मात्र तिची पिशवी आधीच भरलेली होती. पार्टिशनपलीकडून म्हातारी म्हणाली, "लवकर ये गं पोरी." ती "हं" म्हणाली.

बरेच दिवस गेले. लांबूने कारखान्याच्या गेटबाहेर उभं राहून फोन लावला. पलीकडे घर भरलेलं होतं, भांडी वाजत होती, कोणीतरी हसत होतं. "वहिनी, दूध उतू चाललंय!" बायको खणखणीत आवाजात ओरडली आणि मग फोनवर आली. "बोला."

तिचा तो मोकळा आवाज ऐकून लांबूला आधी बरं वाटलं, मग भडभडून आलं. "पुलापलीकडे नवीन बिल्डिंग झालीय," तो घाईघाईने म्हणाला. "तिथलं काम आमच्याकडे नव्हतं. शपथ. तू आलीस की जाऊ."



"तुम्ही बघून या," ती म्हणाली. "आणि काय दिसलं ते मला सांगू नका."