आबांनी ऐकलेली कॅसेट

नव्वदच्या आसपास लग्नातला बँड टेप करून घ्यायची लोकांना हौस लागली होती. जळगावात माझं कॅसेटचं दुकान होतं. मशीन आणि माइक घेऊन मी मांडवात जायचो, मग दुकानात बसून गोंगाट कमी करून कॅसेट तयार करायचो.

असोद्याच्या एका लग्नात पारोळ्याचा बँड होता. क्लॅरिनेट वाजवणारे म्हातारे. त्यांना सगळे आबा म्हणत. जन्मभर वाजवलं, पण स्वतःचं वाजवणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गावी जाताना ते दुकानात डोकावले. मी कौतुकानं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला.

सुरुवातीला ते हसले. मग हसू गेलं. पुढचे दात पडल्यामुळे सुराबरोबर हवा फुसफुसत होती. वरचा सूर फाटत होता, लांबवलेला मध्येच तुटत होता. मांडवात हे कुणाला कळलं नव्हतं. माझा माइक मात्र त्यांच्या अगदी जवळ होता, आणि आजूबाजूचा गोंगाट मीच काढून टाकला होता.

"हाई मी वाजाडेल शे?"

"हो, आबा."

त्यांनी तीनदा ऐकलं. हेडफोन हळूच टेबलावर ठेवला.

"भाऊ, बठ्ठं पुशी टाक."

"कॅसेट मुलीच्या वडिलांची आहे, आबा. मी कशी पुसू?"

ते दुकानाच्या पायऱ्या उतरले.

मुलीचे वडील दोन दिवसांनी आले. ऐकून खूश झाले. "आबांनी काय रंगत आणली!" म्हणाले. त्यांना काहीच खटकलं नाही.

पुढच्या लग्नात त्याच बँडमध्ये क्लॅरिनेटवर दुसराच माणूस दिसला. आबांनी वाजवणं सोडलं, असं कळलं. मला चैन पडेना. मी पारोळ्याला गेलो आणि मुलीचे वडील काय म्हणाले ते त्यांना सांगितलं.

"त्यास्ले समजनं नही," आबा शांतपणे म्हणाले. "पन माले समजनं."

माझ्यावर त्यांचा राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. निघताना त्यांची बायको दारापर्यंत आली. पूर्वी सकाळी दाढी करतानासुद्धा ते गुणगुणायचे, म्हणाली. आता घरात आवाज नसतो. मी मान खाली घालून स्टँडकडे चालू लागलो.