अनवाणी सावधान

“पळणं तर यांच्या रक्तातच आहे हो! आजोबा पोलिसांपुढे पळायचे, आता नाती मेडलसाठी पळतात. प्रगती म्हणतात ती हीच!”

माइकवरून हे बोलले ते आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. यवतमाळातले नावाजलेले वकील, घरात पिढ्यान्‌पिढ्या कचेरीची नोकरी. प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम होता. मैदानात मंडप, पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे, मागे पालक. मंचाखाली रांगेत आम्ही मुली. त्यात तांड्यावरच्या आम्ही तिघी. माझ्या गळ्यात पंधराशे मीटरचं मेडल नुकतंच पडलेलं.

सगळे हसले. पाहुणे हसले. आम्हाला पळायला शिकवणारे सर हसले. मीसुद्धा हसले.

हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगायची हिंमत होणार नाही. ज्याच्या घरचं खातो तो हसला की आपणही हसायचं, ही सवय कोणी शिकवत नाही. ती आपोआप लागते.

माझं हसू बघून त्यांना अजून जोर आला. “ए, तू, मेडलवाली. पाय वर कर जरा. बूट दाखव सगळ्यांना.”

मी पाय वर केला. एका पायावर उभी, बगळ्यासारखी.

“हे मंडळानं दिलेत. आमच्याकडे आली तेव्हा हिच्या पायात चप्पल नव्हती.”

टाळ्या. फोटोवाला म्हणाला, “ताई, अजून थोडा वर.”

चप्पल होती. निळ्या पट्ट्याची. बानं पुसदच्या बाजारातून घेऊन दिलेली. पण एका पायावर उभं राहून माणूस काय बोलणार?

पुसदच्या पुढे आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे. इंग्रजांनी आमच्या लोकांवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, तेव्हापासून कुठे चोरी झाली की पोलीस आधी तांड्यावर यायचे. घरात गोरबोली, शाळेत मराठी. मी पळते हे सरांनी आश्रमशाळेच्या मैदानावर पाहिलं आणि मला यवतमाळला नेलं. मंडळाच्या वसतिगृहात ठेवलं. रोज अंडं मिळायचं, दूध मिळायचं, शाळेत नाव घातलं. बूट मिळाले. खोटं कायले बोलू? उपकार होते. अजूनही आहेत. आजही ताटात अंडं आलं की मला आधी ते वसतिगृह आठवतं. म्हणूनच हे लिहिताना वाटतं, आपण खाल्ल्या घरचे वासे मोजतोय. वाटतं, कोणी वाचेल, ओळखेल, आता जिथे काम करते तिथूनही काढतील.

पण त्या दिवशी पाय खाली ठेवला आणि मला बूट टोचायला लागले. खरंच टोचायला लागले. आत खडा नव्हता, काही नव्हतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, “आता राष्ट्रगीताने कार्यक्रमाची सांगता होईल. सर्वांनी सावधान.”

आमच्या तांड्यात देवाला भोग लागतो तेव्हा अंगारावर गूळतूप टाकतात, आणि सगळे हात जोडून अरदास म्हणतात. पायात काही घालून कोणी उभं राहत नाही. म्हातारी माणसं तर चपला लांब लिंबाखाली ठेवून येतात. मोठ्या गोष्टीपुढे अनवाणी उभं राहायचं, हे आम्हाला चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. मला वाटलं, हे सगळ्यांनाच ठाऊक असेल. ही माझी समजूत. तांड्यातलंच लेकरू अशी समजूत करून घेऊ शकतं.

मी खाली बसले आणि बूट काढायला लागले.

म्हणजे दोन्ही गोष्टी माझ्या मनात होत्या. तुमचे बूट घालून मी उभी राहणार नाही, हेही होतं. आणि जन गण मनपुढे मी माझ्या रीतीनं उभी राहीन, हेही होतं. पहिला बूट पटकन निघाला. दुसऱ्याच्या नाडीला गाठ बसली. तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं.

तेव्हा मी उठू शकले असते. एक बूट घालून, एक काढून. मी उठले नाही. गाठ सोडली, बूट काढला, दोन्ही बूट पुढे नीट जोडून ठेवले आणि मग सावधान झाले. उरलेलं सगळं मी मोठ्यानं म्हटलं. माझ्याइतक्या मोठ्यानं त्या मंडपात कोणी म्हटलं नसेल.

पण मोबाईलमध्ये आलं ते एवढंच. सगळे ताठ उभे, आणि एक मुलगी खाली बसलेली. तेवढाच तुकडा. संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरला. खाली लिहिलेलं : राष्ट्रगीताचा अपमान. त्याच्याखाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी इथे लिहीत नाही. याडीच्या, माझ्या आईच्या, कानावर गेलं तर तिला घास गिळवणार नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बाला बोलावून घेतलं. बा पहाटेच्या गाडीनं आला. ऑफिसात खुर्च्या होत्या, तरी तो दाराजवळ खाली बसला. अध्यक्ष म्हणाले, “पोलीस केस होते याची. माहीत आहे का?”

पोलीस म्हटल्यावर बानं डोक्याची टोपी काढली आणि त्यांच्या पायाजवळ ठेवली. “लेकरू आहे सायेब. मी माफी मांगतो.”

“बापानं मागून चालणार नाही. हिच्या तोंडून पाहिजे. झेंड्यापुढे उभी राहील, आपण मोबाईलवर घेऊ. बस. उद्यापासून प्रॅक्टिस सुरू.”

सर माझ्या कानाशी म्हणाले, “म्हणून टाक ना बे. एवढं लागते काय त्याले?”

मी अध्यक्षांना म्हणाले, “झेंड्याले मी काही वाईट बोलली नाही. तुम्ही माह्या आजोबाले बोलले. ते तुम्ही माघारी घ्या, मग मी म्हणते.”

अध्यक्ष चिडलेसुद्धा नाहीत. हसून बापाकडे बघत म्हणाले, “गंमत होती ती. तुम्हा लोकांना गंमत कळत नाही, हाच प्रॉब्लेम आहे.”

माफी नाही तर वसतिगृहही नाही, म्हणून त्याच दिवशी मी पेटी उचलली. दहावीचं वर्ष होतं. परीक्षेला बसले नाही. मेडल माझ्याकडे राहिलं. बूट त्यांनी ठेवून घेतले.

परतीच्या गाडीत बा खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं मारेल, नाही तर रडेल. तो म्हणाला, “आपले लोक पळत नोयते, बाई. बैलाच्या पाठीवर मीठ लादून देशोदेशी नेत. लादलेला बैल पळते काय?” मग डोक्याला हात लावून म्हणाला, “पण तू माफी मांगाले पायजे होती.”

दोन्ही वाक्यं त्याचीच. एकाच दमात.

आता मी पुण्याकडे एका कंपनीत पॅकिंगला आहे. घरापासून रात्रभराची गाडी. सुपरवायझर मॅडम चांगल्या आहेत. ताप आला तेव्हा त्यांनीच गोळ्या आणून दिल्या, पगार कापू दिला नाही. त्यांचेही उपकार. माझ्या नशिबात उपकार करणारी माणसं फार.

एकदा जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या टीव्हीवर दाखवत होते. बाहेरच्या देशातले खेळाडू. त्यांचं राष्ट्रगीत चालू आणि ते एक गुडघा टेकून खाली. काळी पोरं, धिप्पाड. त्यांच्या लोकांना पोलीस कसे मारतात त्याबद्दल ते बसले होते, असं काहीतरी सांगत होते. पोलीस शब्द आला आणि माझा घास हातातच राहिला.

मॅडम म्हणाल्या, “माजलेत. खेळायला घेतलंय ना, खेळा की. नसेल पटत तर देश सोडा.”

एक मुलगी म्हणाली, “राष्ट्रगीताला तरी नको ना असं. दुसरी वेळ नाही का?”

मी वरण ओतून घेतलं, मान खाली घालून खाल्लं. पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं, ते इथे लिहिते. दुसरी वेळ नसते. वर्षभर माइक त्यांच्या हातात असतो. शाळेत, मंचावर, ऑफिसात. आम्ही बोललो तर कोण ऐकतं? ते मिनिटभरच असं असतं की अध्यक्षही गप्प आणि आम्हीही गप्प. सगळे एका जमिनीवर, सगळे उभे. तेव्हाच आम्ही कोणाला दिसतो. म्हणून तो खेळाडू तेव्हा गुडघा टेकतो. त्याला गाण्याचा राग नाही. राग असता तर तो मैदानात आलाच कशाला असता?

आणि अपमान म्हणाल, तर तो त्या दिवशी राष्ट्रगीताच्या आधीच झाला होता. माइकवर झाला. त्याचा व्हिडिओ कोणी काढला नाही.

हे मी मॅडमना कधीच सांगणार नाही. नोकरी पाहिजे मला.

गोष्ट इथेच संपली असती तर मी लिहिलंही नसतं. पण माझी धाकटी बहीण राणी आहे. आठवीत. माझ्याहून चांगली पळते. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. तिचा श्वास बघितलाय मी.

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. “राणीले घेतो म्हणून राह्यले अध्यक्ष. राहणं, खाणं, शाळा, सगळं. तू फक्त लहानसा व्हिडिओ पाठव. चूक झाली, लहान होती, माफ करा. झालं! कायले ताणून धरून राह्यली आता?”

मग राणीचा आला. “बाई, दोन वाक्यं तं आहेत. तुले तिथं कोण वळखते? म्हणून टाक ना.”

“अन् उद्या माइकवर आजोबाले बोलले तं?”

“बोलू दे ना! म्हातारा मेला कवाचा. त्याले थोडी आयकू जाते?”

मला हसू आलं. आणि मग मी घाबरले. कारण हे मंडपातलं तेच हसू होतं.

सुट्टीच्या दिवशी मी खोलीच्या गच्चीवर गेले. मोबाईल टाकीला टेकवून ठेवला, ओढणी नीट केली. “चूक झाली” म्हणायला तोंड उघडलं. राणी डोळ्यांपुढे आली, ट्रॅकवर, वळणावर कोपर आत घेऊन पळणारी. तरी शब्द आला नाही. पुन्हा केलं. नाही आला. शेवटी त्या व्हिडिओत फक्त कावळे ओरडताना ऐकू येतात आणि मी उभी दिसते. तो पुसून टाकला.

सरांना कळवलं, होणार नाही. सर म्हणाले, “पोरीचं वाटोळं करून राह्यली तू. लक्षात ठेव.” राणी तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. बा उचलतो, पण पावसाचं बोलतो, पिकाचं बोलतो आणि ठेवून देतो.

सरांचं खरं निघेल. दुसरं मंडळ नाही, दुसरा ट्रॅक नाही. आणखी दोन वर्षांनी राणीचं लग्न होईल, मग ती पाणी भरायलाच तेवढी पळेल. माझ्यामुळे. ती मला कधी माफ करणार नाही आणि मी तिला समजावूही शकणार नाही. तिकडे अध्यक्षांना पोरी मिळत राहतील. ते पाय वर करायला लावतील, लोक टाळ्या वाजवतील. मी काही थांबवू शकत नाही. एकटी, शाळा सोडलेली, परक्या गावात डबे भरणारी मी काय थांबवणार?

पण त्यांना जे पाहिजे ते माझ्याजवळ आहे, आणि ते माझ्याजवळच राहील. माझ्या तोंडून ते वाक्य निघणार नाही. मॅडमनी सांगितलं तरी नाही. राणी जन्मभर बोलली नाही तरी नाही. बानं माझ्या पायाशी टोपी ठेवली तरी नाही.