पाचव्या मजल्याची खिडकी

स्वयंपाकघराची लाकडी खिडकी कुजली. माणिकपूरच्या मिस्त्रीने रुंद स्लायडिंगचे अठरा हजार सांगितले. नवरा म्हणाला, "बसवून टाकू, इथे कोण विचारतंय?" पण मीच मोठी शहाणी, मला सगळं नियमात हवं होतं. खिडकी रुंद करायची तर महापालिकेच्या अर्जाला बिल्डिंगचा मंजूर नकाशा जोडावा लागतो. सोसायटीचे सेक्रेटरी तो द्यायला टाळाटाळ करत होते. मी हटूनच बसले. शेवटी त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. मी आमची खिडकी शोधू लागले. मजले दोनदा मोजले. चारच होते. आम्ही चौदा वर्षं पाचव्यावर राहतो.

"वहिनी, अर्ज राहू द्या," नकाशा गुंडाळत सेक्रेटरी शांतपणे म्हणाले.

ते दुसऱ्या मजल्यावर राहतात.