मेळ्याच्या गर्दीतला दादा
परवा सोडाला भागातल्या दुरुस्तीच्या दुकानात तापलेल्या जुन्या टीव्हीचा वास आला आणि ती संध्याकाळ आठवली. दादा घरातून निघून गेल्याला वर्ष झालं होतं. टीव्हीवरच्या मालिकेत मेळा दिसला आणि कणकेच्या हातांनी आई टीव्हीवर झेपावली. "अहो, हा बघा! जिवंत आहे! आत्ताच्या आत्ता चला!" तिनं चपलासुद्धा घातल्या. बाबांनी पडद्यावरच्या माझ्याकडे बोट दाखवलं. "अगं, त्याच्या खांद्यावर ही बघ, केवढीशी आहे. आमेरच्या किल्ल्यावर सिनेमाच्या शूटिंगला गर्दीत उभं राहायला गेलो होतो ना, तेच जुनं चित्रीकरण या मालिकेत लावलंय." आई दारातच खाली बसली. पुढेही कुठल्याही मालिकेत मेळा म्हटलं की तोच तुकडा यायचा आणि आई धावत यायची. आता मोबाइलवर मी तो तुकडा दादा दिसतो तिथेच थांबवते. मी दादाच्या खांद्यावर असते आणि अजून कुणीच हरवलेलं नसतं.