गोळीचा वानवळा

जगात एकट्यानं खाणारी माणसं असतात, यावर माझ्या चुलतसासऱ्यांचा अजूनही विश्वास नाही. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. भरे गावातल्या आमच्या निम्म्या वावरात आता कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत. उरलेल्यात भात, आणि बांधावर घेवडा. पण घेवड्याची पहिली टोपली सरळ आमच्या स्वयंपाकघरात आली तर शपथ! आधी वानवळा. भावकीला, शेजाऱ्यांना, मागच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या बिहारकडच्या पोरांनासुद्धा. "ले लो, हमारे वावर का है," असं त्यांना दटावून देतात. गाय व्याली की खरवस अख्ख्या आळीला, आणि आम्हाला पातेल्याची खरवड. मी लग्न होऊन पुण्याहून नवीन आले होते, तेव्हा एकदा खिडकीशी बसून लाडू खात होते. नाना दारात थबकले आणि काळजीनं म्हणाले, "सूनबाई, आजारी हायेस का?" निरोगी माणूस असा एकटा खाईल हे त्यांना सुचेचना!

अशा माणसाला रक्तदाब निघाला. पिरंगुटच्या डॉक्टरांनी बजावलं, "रोज एक गोळी, आणि मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही." नानांनी मान हलवली आणि घरी येऊन गोळीचं स्वतःचं शास्त्र रचलं. एकादशीला गोळीलाही उपास. बोंबील झाले की दोन गोळ्या, का तर "मीठ जादा ग्येलं, मंग गोळी बी जादा." दोन घेतल्यावर एकदा अंथरुणातून झटकन उठले आणि भिंत धरून खालीच बसले, तरी शास्त्र बदललं नाही. तपासणीच्या दिवशी मात्र गोळी अजिबात नाही. "डाक्टरला खरं बीपी दिसाया नगं का? गोळी खाऊन जायचं म्हंजी फसवल्यागत व्हतंय." मी कपाळावर हात मारला. बरं, एकदा आकडा चांगला आला, तर गोळ्या बंदच! "पावना ग्येल्यावर हातरूण कोन घालून ठेवतंय?" मी म्हटलं, "नाना, गोळी आहे म्हणून तो पाहुणा उंबऱ्याबाहेर आहे. गोळी थांबली की परत येऊन बसेल." तर म्हणे, "बसू दे. चा पाजू."

आता यापुढं काय झालं असेल ते सांगायला नको. गोळ्यांचं पाकीट सदऱ्याच्या खिशात, आणि खिशात आलेली वस्तू एकट्यानं खायची कशी? डेअरीपुढच्या बाकड्यावर कुणी नुसतं "गरगरतंय" म्हणायचा अवकाश, नाना पाकीट काढायचे. मी भांडले, बोलणं सोडलं, पाकीट लपवून पाहिलं. पण ज्यानं जन्मभर भाकरीचा तुकडा मोडून दिला, त्याला गोळी तेवढी वेगळी कशी, हे काही मला पटवून देता येईना.

नानांचा लहानपणापासूनचा एक दोस्त आहे. मेंढरं राखतो, कमी बोलतो, आणि नानांच्या सगळ्या थापा पुन्हा पुन्हा ऐकतो. त्यालाही रक्तदाब, शिवाय जुना दमा. एका दुपारी तो बोलता बोलता म्हणाला की त्याच्या गोळ्या संपल्यात. नानांनी आपल्यातली काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. "रोग येक, मंग गोळी बी येकच की!" संध्याकाळपर्यंत त्याची छाती अशी आवळली की शब्द फुटेना. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, नानांची गोळी दम्याच्या माणसाला चालत नाही, श्वासनळ्या आकसतात. रक्तदाब दोघांना असला तरी गोळी ज्याची त्याला. नाना बाहेर उकिडवे बसून होते. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, अगदी फरशी पुसणाऱ्या बाईलासुद्धा सांगत होते, "मी दिलीया. म्याच दिलीया." मला इतका राग आला होता त्यांचा, आणि इतकं भरूनही आलं होतं.

दोस्त वाचला. घरी आल्यावर त्यानं नानांना चकार शब्दानं दोष दिला नाही, उलट शेळीचं दूध पाठवून दिलं. नाना सुधारले. गोळी रोज न्याहारीनंतर, एकादशीलासुद्धा. पण घ्यायची ती आतल्या खोलीत, दार लोटून, भिंतीकडं तोंड करून.

परवा दोस्त अंगणात येऊन बसला. चार दिवस मेंढरांमागं लांब गेला होता. पाण्याचा तांब्या खाली ठेवत सहज म्हणाला, "गोळ्या सपल्यात बग. पिरंगुटाला जायाचं व्हतं, ऱ्हायलं." मागितलं काहीच नव्हतं त्यानं. पण नानांचा हात खिशाकडं गेला. पाकीट अर्धं बाहेर आलं. मी ओरडणार एवढ्यात हात थांबला. नानांनी पाकीट परत आत सरकवलं आणि मला म्हणाले, "सूनबाई, गाडी काढ." दोस्ताकडची डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, आम्ही स्कूटरवरून पिरंगुटला गेलो, चिठ्ठीवरचं नाव दुकानदाराकडून दोनदा वाचून घेतलं, गोळ्या घेतल्या.

एरवी स्कूटरवर मागं बसले की नाना जगाला हाका मारत येतात. त्या दिवशी घोटवड्याच्या फाट्यापर्यंत चूप होते. मग माझ्या कानाशी म्हणाले, "पोरी, म्होरं बसल्याला मानूस, आन मी खिसा झाकला गं. आमची आई वरनं बगत आसंल तर काय म्हनंल?"

मी स्कूटर हळू केली. आरशात पाहिलं, तर नानांचे डोळे भरून आले होते, आणि एक हात सदऱ्याच्या खिशावर घट्ट दाबलेला होता.